माळ्यावरची पिल्ले आणि गोदामातला नाग : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

घरात, दुकानात किंवा कारखान्यात शिरलेल्या वन्यजीवांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. त्यानंतर नागपूर शहरातून आणि आसपासच्या गावांतून बरीच पत्रे आली. त्यांपैकी बहुतेक पत्रांचा शेवट ‘हे येथून कायमचे घालवायचे कसे?’ या एकाच वाक्याने झाला आहे. शहरात अडकलेले प्राणी सोडवण्याच्या कामात मी गेली अनेक वर्षे स्वयंसेवक म्हणून सहभागी आहे. प्राणी पकडून नेला म्हणजे प्रश्न सुटत नाही, तो ज्या वाटेने आणि ज्या कारणाने आला ते शोधावे लागते, हे त्या कामात पुन्हा पुन्हा दिसले आणि पुढील उत्तरे त्याच अनुभवातून दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचे घर महाल भागात आहे. घर जुने, कवेलूचे असून वर लाकडी माळा आहे. महिनाभरापासून रात्री अकरानंतर माळ्यावर धावपळ ऐकू येते आणि अधूनमधून चिन्नोर तांदूळ शिजत असल्यासारखा वास येतो. शेजारच्या काकांनी ‘मसण्याऊद आहे, घरात लहान मूल आहे, लगेच पिंजरा लावा’ असे सांगितले. एक माणूस दोन हजार रुपयांत प्राणी पकडून जंगलात सोडून देण्यास तयार आहे. त्याला बोलवावे का?

उत्तर : कृपया बोलवू नये. वासाचे आपण केलेले वर्णन वाचून आपल्याकडे ऊदमांजर असावे असे मलाही वाटते, कारण सुगंधी तांदळासारखा हा वास त्याची ओळख म्हणून अनेकांच्या अनुभवाचा आहे. ‘मसण्याऊद’ या नावामुळे आणि तो प्रेते उकरतो या समजुतीमुळे या प्राण्याची फार भीती बाळगली जाते. प्रत्यक्षात त्याचा आहार फळे, किडे, उंदीर आणि पक्ष्यांची अंडी असा असतो. माणसाची चाहूल लागताच तो पळतो. मात्र त्याला कोंडीत पकडले तर तो चावू शकतो, म्हणून माळ्यावर काठी घेऊन चढण्याचे धाडस कोणी करू नये. बाळाच्या खोलीचे छत आतून बंद असेल, तर त्याच्यापासून बाळाला धोका नाही.

पिंजऱ्याविषयी माझा विरोध एका प्रसंगामुळे अधिकच पक्का झाला आहे. आपल्यासारख्याच एका जुन्या घरात अशाच एका पिंजरेवाल्याने ऊदमांजर पकडून नेले आणि घरच्यांनी त्याच दिवशी कवेलूंमधील फट सिमेंटने बुजवली. तिसऱ्या दिवशी माळ्यावरून बारीक, चिरका आवाज येऊ लागला तेव्हा त्यांनी आम्हाला बोलावले. जुन्या गोधडीच्या घडीत तीन पिल्ले होती. त्यांतील दोन मरून पडली होती आणि तिसरे त्यांच्या अंगाखाली शिरण्याचा प्रयत्न करत होते. त्याचे नाक कोरडे पडले होते आणि डोळे पुरते उघडले नव्हते. पकडून नेलेली ती मादी होती, हे पकडणाऱ्याने पाहिलेही नव्हते. घरचे लोक वाईट नव्हते. आपण एका प्राण्याला सुखरूप जंगलात पाठवले, अशीच त्यांची प्रामाणिक समजूत होती.

जंगलात सोडलेल्या त्या मादीचेही फारसे बरे होत नाही. तिला तेथील पाणी माहीत नसते, दिवसा लपण्याची ढोली माहीत नसते आणि त्या जागेवर आधीच राहणारे प्राणी तिला टिकू देत नाहीत. इकडे आपल्या माळ्यावर फट तशीच राहिली, तर पुढच्या हंगामात दुसरे ऊदमांजर येते. शिवाय हा प्राणी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. या कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणे आणि सापळा लावणेही येते, म्हणून परवानगीविना पिंजरा लावणारा माणूस आणि त्याला पैसे देणारे आपण, दोघेही अडचणीत येऊ शकता.

आता करावयाचे काम सांगतो. दिवसा घराला बाहेरून फेरी मारून कवेलू सरकलेले, वळचणीची फळी कुजलेली किंवा भिंत आणि वासा यांच्यामध्ये मूठभर फट पडलेली जागा शोधावी. त्या जागेखाली भिंतीवर तेलकट काळपट पट्टा आणि जमिनीवर बिया असलेली विष्ठा दिसली, तर तीच वाट समजावी. संध्याकाळी तेथे चाळलेली रांगोळी किंवा कणीक पातळ पसरावी. सकाळी त्यात पाऊल उमटलेले दिसेल. ऊदमांजराच्या पावलाला पाच बोटे उमटतात, मांजराच्या पावलाला चार. मांजर असेल तर पुढचा सगळा खटाटोप करण्याचे कारणच उरत नाही.

पिल्लांचा आवाज येत असेल, तर माझा पहिला सल्ला थांबण्याचा आहे. पिल्ले साधारण दोन महिने आईच्या दुधावर असतात आणि नंतर तिच्यामागून बाहेर पडू लागतात. इतके थांबणे खरोखर शक्य नसेल, तर माळ्यावर रात्रभर दिवा लावून ठेवावा आणि बोलण्याचे कार्यक्रम चालू असलेला रेडिओ मध्यम आवाजात ठेवावा. जागा सुरक्षित नाही असे वाटले की मादी पिल्लांना एकेक करून तोंडात धरून दुसरीकडे नेते. तिला त्यासाठी काही रात्री आणि मोकळी वाट द्यावी. धुरी, फटाके, मिरचीचा धूर असे काही करू नये. लाकडी माळ्यावर त्याने आगीचा धोका होतोच, शिवाय मादी घाबरून पिल्ले टाकून पळते.

आवाज थांबल्यावर फटीत वर्तमानपत्राचा सैल बोळा बसवावा आणि खाली पुन्हा रांगोळी पसरावी. सलग तीन रात्री बोळा हलला नाही आणि रांगोळी मोडली नाही, तर आत कोणी नाही असे समजून फट जाड तारेच्या जाळीने आणि सिमेंटने बंद करावी. थर्माकोल, चिंध्या किंवा पातळ प्लायवूड एका रात्रीत उचकटले जाते. एखादा प्राणी आत-बाहेर करीतच असेल आणि पिल्ले नाहीत याची खात्री असेल, तर फटीवर बाहेरच्या बाजूने वरून लोंबणारा पत्र्याचा तुकडा बिजागरीवर बसवता येतो. तो आतून ढकलला की उघडतो, बाहेरून उचकटता येत नाही. शेवटी, छपरावर टेकलेली सीताफळाची किंवा जांभळाची फांदी दीड-दोन मीटर मागे छाटावी. झाड तोडण्याची गरज नाही.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत आमचे पॅकिंग साहित्याचे गोदाम आहे. पावसाळ्यात दरवर्षी दोन-तीन वेळा साप निघतो. मागील वर्षी नाग निघाला तेव्हा कामगार दोन दिवस आत गेले नाहीत. एका कीटकनाशक सेवेने साप न येण्यासाठी वर्षभराच्या फवारणीचा करार देऊ केला आहे. तो करावा का?

उत्तर : करार करू नये. सापांना कायमचे दूर ठेवणारी, खात्रीने परिणाम करणारी कोणतीही फवारणी मला माहीत नाही. कार्बोलिक आम्ल, फिनाईल, गंधक, रॉकेल हे सगळे लोक वापरतात. त्यांपैकी कार्बोलिक आम्लाने कामगारांची त्वचा मात्र भाजते. ते पैसे दाराच्या खालच्या फटीवर खर्च केले तर अधिक उपयोग होईल.

कामगारांची भीती निराधार आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. आपल्या भागात नाग, मण्यार आणि घोणस हे तिन्ही आढळतात. त्यामुळे ‘साप आपला मित्र आहे’ एवढे एक वाक्य ऐकवून कामगारांना आत पाठवणे मला योग्य वाटत नाही. त्यांच्यासाठी जागा खरोखर सुरक्षित करावी लागेल.

साप गोदामात येतो तो उंदीर आणि बेडूक यांच्या मागे, किंवा बिळात पाणी भरले म्हणून कोरडी जागा शोधत. म्हणून मालाच्या थप्प्या जमिनीवर न ठेवता लाकडी चौकटींवर ठेवाव्यात आणि भिंतीपासून माणूस टॉर्च घेऊन चालू शकेल इतके अंतर सोडावे. शटरखाली रबरी पट्टी किंवा दाट ब्रश बसवावा. सांडपाण्याच्या नाल्यांच्या तोंडावर बारीक छिद्रांची लोखंडी जाळी बसवावी, कारण सहा मिलिमीटरच्या फटीतून लहान उंदीर आत येतो आणि त्याच्या मागे कवड्यासारखा बारीक सापही येऊ शकतो. भिंतीलगतचे गवत, विटांचा ढीग आणि जुने टायर हलवावेत. कामगारांनी डबे खाण्याची जागा गोदामाबाहेर ठरवून द्यावी. मी पाहिलेल्या अनेक गोदामांत उंदीर मालासाठी आलेले नव्हते, थप्पीमागे पडलेल्या चिवड्यासाठी आणि फल्लीच्या टरफलांसाठी आलेले होते.

साप दिसल्यावर एका माणसाने सुरक्षित अंतरावर उभे राहून त्याच्यावर नजर ठेवावी आणि बाकीच्यांनी बाहेर जावे. नजर हटली की साप थप्प्यांत जातो आणि मग पूर्ण गोदाम रिकामे करावे लागते. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे किंवा वन विभागाकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला बोलवावे. चांगला सर्पमित्र ओळखणे सोपे आहे. तो लांब आकडा आणि कापडी पिशवी किंवा नळी घेऊन येतो, गर्दी मागे हटवतो, पाच-दहा मिनिटांत काम संपवतो आणि नोंद करून सापाला जवळच्याच योग्य अधिवासात सोडतो. नागाला फणा काढायला लावून मोबाइलसमोर उभा राहणारा, साप गळ्यात घालणारा किंवा त्याला दूध पाजण्यास सांगणारा माणूस बोलवू नये. अशा प्रदर्शनात सर्पमित्रांनीच जीव गमावल्याच्या घटना घडल्या आहेत.

मण्यारीविषयी वेगळे सांगणे आवश्यक आहे, कारण आपला रात्रपाळीचा चौकीदार बहुधा जमिनीवर झोपत असेल. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि तोपर्यंत मोलाचे तास गेलेले असतात. चौकीदाराला खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी द्यावी. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. माणसाला धीर देऊन, हात किंवा पाय न हलवता, वाहनाने थेट मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मेयो रुग्णालयात न्यावे, किंवा १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिसर्पविष लस दिली जाते, त्यामुळे साप मारून रुग्णालयात दाखवण्यास नेण्याची गरज नसते.

प्रश्न : इतवारीत आमचे किराण्याचे दुकान आहे. उंदरांसाठी गोंदाची पट्टी लावली होती, तिच्यावर उंदराऐवजी पाली आणि एकदा काळसर-तपकिरी, पांढऱ्या पट्ट्यांचा लहान साप अडकला. तो जिवंत होता. त्याला सोडवणे शक्य होते का? आणि गोंद वापरायचा नाही तर उंदरांचे काय करावे?

उत्तर : शक्य होते, पण ते काम जाणकाराचे आहे. पट्ट्यांच्या वर्णनावरून तो बिनविषारी कवड्या असावा असे वाटते. मात्र कवड्या आणि अतिविषारी मण्यार यांच्यात अनुभवी माणसाचीही गफलत होते. ढोबळमानाने कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असून शेपटीकडे पुसट होतात आणि मण्यारीचे शेपटीकडे स्पष्ट असतात. तरीही केवळ या खुणेवर विसंबून कोणी हात लावू नये. अशा वेळी पट्टीवर टोपली झाकून सर्पमित्राला बोलवावे. आम्ही खाण्याचे तेल थेंबाथेंबाने कडेने सोडतो, गोंद सुटत जातो तसा कागद खाली सरकवतो. एका वीतभर सापाला मोकळे करायला पाऊण तास लागतो. ओढले तर त्याच्या पोटाचे खवले गोंदावरच राहतात. पालीची कातडी तर कागदापेक्षाही नाजूक असते.

गोंदाची पट्टी मी कोणालाही सुचवत नाही. उंदीर तिच्यावर लगेच मरत नाही. तो भुकेने, तहानेने आणि थकव्याने मरतो, कित्येकदा सुटण्यासाठी स्वतःचा पाय कुरतडतो, आणि त्या काळात मलमूत्र करून आपले दुकान अधिकच घाण करतो. विषाच्या वड्यांचाही असाच दूरचा त्रास आहे. रक्त गोठू न देणारे विष खाल्लेला उंदीर काही दिवस मंदपणे हिंडत राहतो आणि त्याला गव्हाणी घुबड खाते. रात्री उंदीर मारून आपल्याला मदत करणारा पक्षी असा विषाने संपतो.

उंदीर मारू नयेत असा आग्रह मी किराणा दुकानदाराला करणार नाही. अन्नधान्याच्या जागी ते रोग पसरवतात आणि त्यांचा बंदोबस्त करणे आपले कर्तव्यच आहे. धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवावे, शटरच्या कडा आणि पाइपाभोवतीची छिद्रे लोखंडी काथ्या आणि सिमेंट यांनी भरावीत, रात्री सांडलेला माल झाडून काढावा आणि उरलेल्या उंदरांसाठी मान मोडून तत्काळ मारणारे चापाचे सापळे भिंतीलगत लावून ते रोज सकाळी तपासावेत. पिंजरा वापरत असाल तर तो उन्हात विसरू नये. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्यावर ठेवलेल्या पिंजऱ्यातला उंदीर कसा मरतो, ते मी पाहिले आहे आणि कोणत्याही जिवाला तसे मरण येऊ नये.

प्रश्न : धरमपेठेत आमच्या सहा मजली इमारतीच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ बसले आहे. सोसायटीच्या सभेत रात्री मशाल लावून ते जाळण्याचे ठरले आहे. मी विरोध केला, पण माझ्याकडे उत्तर नव्हते.

उत्तर : आपला विरोध योग्य होता. सभेला दोन गोष्टी सांगाव्यात. पहिली, आग्या माशा स्थलांतर करतात. फुलोरा आणि ऋतू बदलला की पूर्ण वसाहत आपण होऊन उठून जाते, उरते ते रिकामे पोळे. दुसरी, जाळलेल्या पोळ्यातील सगळ्या माशा मरत नाहीत. एका माशीने डंख मारला की तिच्यातून सुटणाऱ्या गंधाने इतर माशा चवताळतात. रात्री उडालेल्या माशा सकाळी त्याच जागी घिरट्या घालतात आणि खाली शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या मुलांवर तुटून पडतात.

मोहोळ असेपर्यंत गच्चीचे दार बंद ठेवून त्यावर ठळक सूचना लावावी. टाकीचे काम करावयाचे असल्यास पहाटे अंधारात, पूर्ण अंग झाकून, जाणकाराच्या देखरेखीखाली करावे. गच्चीवरचा आणि जवळच्या गॅलऱ्यांमधला पांढरा झगझगीत दिवा रात्री बंद ठेवावा, कारण या माशा रात्री उजेडाकडे येतात आणि सकाळी खोलीत मरून पडलेल्या सापडतात. तीव्र वासाचे अत्तर लावून किंवा फटाके घेऊन कोणी वर जाऊ नये. डंख लागल्यास काटा लगेच खरवडून काढावा. अनेक डंख लागले, श्वास कोंडला किंवा ओठ सुजले तर रुग्णालयात जाण्यास क्षणाचाही विलंब करू नये.

इमारतीत कोणाला डंखाची तीव्र ॲलर्जी असेल आणि थांबणे शक्य नसेल, तर मोहोळ न जाळता हलवणारे प्रशिक्षित लोक असतात. आपल्या शेजारच्या वर्ध्यात आग्या मोहोळातून माशा न मारता मध काढण्याच्या पद्धतीवर बरेच काम झाले आहे आणि त्या पद्धतीत तयार झालेले मधपाळ विदर्भात आहेत. माशा गेल्यावर मात्र आळस करू नये. चिकटलेले मेण पत्र्याने खरवडून, जागा गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन वर रंगाचा हात द्यावा, नाहीतर त्या गंधाने पुढच्या वर्षी दुसरा थवा तेथेच बसतो.

प्रश्न : मानेवाड्यातील आमच्या न्हाणीघरात दीड हात लांब घोरपड शिरली होती. शेजारचा एक माणूस तेलासाठी ती मागत होता. आम्ही दिली नाही. पुढे कधी असे झाले तर काय करावे?

उत्तर : दिली नाही हे फार चांगले केले. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत, आणि तिला मारणाऱ्याला किमान ३ वर्षे कारावास होऊ शकतो. तिच्या तेलाने सांधेदुखी बरी होते याला कोणताही आधार नाही. ती माणसावर चालून येत नाही, परंतु अडवल्यास शेपटीचा फटका आणि चावा जोरात बसतो. आतले दार बंद करून त्याखालची फट पोत्याने बुजवावी, बाहेरचे दार किंवा खिडकी उघडून तिला चढता येईल अशी फळी तिरपी लावावी आणि तासभर कोणी तिकडे फिरकू नये. गेली नाही किंवा जखमी दिसली तर १९२६ वर कळवावे. सेमिनरी हिल्सवर वन विभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जखमी वन्यप्राण्यांवर तेथे उपचार होतात.

प्रश्न : सेमिनरी हिल्सजवळ आमचा बंगला आहे. वानरांची टोळी जांबाची आणि डाळिंबाची झाडे ओरबाडते, टाकीची झाकणे फेकते. त्यांना पकडून मेळघाटात सोडता येणार नाही का?

उत्तर : येणार नाही आणि तशी मागणी करूही नये. टोळी पकडताना पिल्ले आयांपासून तुटतात, हात-पाय मोडतात, आणि मोकळी झालेली जागा शेजारची टोळी व्यापते. वानरे या टेकडीवर आपल्या वसाहतीच्या आधीपासून आहेत.

टाकीच्या झाकणांना कुलूप लावावे, केबल भिंतीला पक्क्या बांधाव्यात आणि फळे पिकू लागताच त्यांना कापडी पिशव्या बांधाव्यात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपल्या गल्लीत शनिवारी पोळ्या आणि केळी ठेवणारे कोण आहेत, ते पाहून त्यांच्याशी आदराने बोलावे. त्यांची श्रद्धा खरी असते. मात्र हाताने मिळालेल्या पोळीची सवय लागलेले वानर पुढे स्वयंपाकघरात शिरते, मार खाते किंवा विजेच्या तारेवर लोंबकळून मरते. हे त्यांच्या कानावर कोणीतरी घातले पाहिजे. टोळी अंगणात असताना तिच्याकडे रोखून पाहू नये, दात दिसतील असे हसू नये आणि तिची बाहेर जाण्याची वाट अडवू नये. बहुतेक वेळा ती पंधरा-वीस मिनिटांत पुढे जाते.

प्रश्न : मी ७४ वर्षांची असून सक्करदऱ्यात एकटी राहते. एप्रिलमध्ये मुलाने कूलर सुरू करायला घेतला तेव्हा मागच्या गवताच्या जाळीत खारीची चार पिल्ले निघाली. पारा ४३ अंशांवर होता. कूलर सुरू केला तर ती भिजून मरतील आणि नाही केला तर माझे हाल. आम्ही शेवटी टेबल पंख्यावर आठ दिवस काढले. याहून चांगला उपाय होता का?

उत्तर : आजी, आपण एवढ्या उन्हात आठ दिवस त्या पिल्लांसाठी थांबलात, हे वाचून मी पत्र बराच वेळ हातात धरून बसलो. परंतु आपल्या वयाला हे उन्ह सोसणारे नाही, म्हणून पुढे असे करू नये.

उपाय होता. खार आपली पिल्ले सहज हलवते. गवताचा घरट्याचा भाग पिल्लांसकट दोन्ही हातांनी उचलून बुटाच्या खोक्यात ठेवावा, खोक्याला एका बाजूने मुठीएवढे भोक पाडावे आणि ते खोके कूलरपासून दोन-तीन हातांवर, सावलीत, मांजर पोहोचणार नाही अशा उंचीवर बांधावे. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्ले टाकते, ही समजूत चुकीची आहे. आपण मात्र खिडकीतून सारखे डोकावू नये, ती माणसाच्या हालचालीला घाबरते. बहुधा त्याच दिवशी ती पिल्ले एकेक करून दुसऱ्या जागी नेते आणि संध्याकाळी कूलर सुरू करता येतो. अंधार पडेपर्यंत आई आलीच नाही, तर पिल्लांना गाईचे दूध किंवा पाणी पाजू नये. कापडात गुंडाळून ऊब द्यावी आणि १९२६ वर विचारावे.

पुढच्या वर्षासाठी मुलाला एवढेच सांगावे की दिवाळीच्या आधी कूलर बंद करताना तिन्ही जाळ्यांतले जुने गवत काढून टाकावे, टाकी कोरडी करावी आणि मोकळ्या चौकटींवर बारीक तारेची जाळी बांधावी. काढलेले गवत फेकू नये. अंगणातल्या झाडाच्या बेचक्यात ते बांधून ठेवले, तर खार घरट्यासाठी ते तेथून नेईल.